घरतबाईंचं एक्स्चेंज

घरतबाई फोन उचलून कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. फोन कानाला लावायच्या आणि गप्प राहायच्या. नवा माणूस गोंधळून दोनतीनदा हॅलो हॅलो करायचा. मग बाई शांतपणे विचारायच्या, “कुठून बोलताय?” कोण बोलतंय असं त्यांनी विचारलेलं मी ऐकलं नाही. ते त्यांना तोवर कळलेलं असायचं.

उरणच्या खाडीकाठच्या एका गावात मी अकरा वर्षं शाळेत शिकवलं. त्यातली दहा वर्षं बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, काटक, पदर नेहमी पिन लावून खांद्यावर, आणि पर्समध्ये कंगव्याशेजारी टेस्टर. गच्चीच्या अर्ध्या भागात बोंबील वाळत टाकलेले असत, उरलेल्या अर्ध्यात तारा, जुने अँटेना आणि उघडून ठेवलेले रेडिओ. शेजारणी दुरुस्तीला मिक्सर आणून देत. बाई आधी तो बंद मिक्सर कानाशी धरायच्या. मी हसलो तर म्हणायच्या, “सर, आधी ऐकावं. बघायचं नंतर.”

एक्स्चेंजमधल्या दिवसांची एक गोष्ट त्या सांगत. भर दुपारी एक कॉल आला, पलीकडे कुणी बोलेना. दुसरी कुणी असती तर तिने लाइन तोडली असती. बाई ऐकत राहिल्या. नुसता श्वास होता. त्यामागे नळाचं पाणी बादलीत पडत होतं, आणि त्याच्याही मागे गॅस प्लँटचा भोंगा, पण दोनदा ऐकू येणारा, टेकडीवर आपटून परत येणारा. टेकडीच्या बाजूला तेव्हा तीनच फोन होते, आणि दुपारी एकटं असणारं माणूस एकच, निवृत्त हेडमास्तर. बाईंनी लाइनमनला सायकलवरून पिटाळलं. हेडमास्तर मोरीच्या दारात पडलेले होते. वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे पुढे चार वर्षं जगले.

इथवर ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. पुढचं बाईंनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. लाइनमन परत आला तो गोंधळलेला होता. तो म्हणाला, घरातला रिसिव्हर जागच्या जागी ठेवलेला होता. मास्तर फोनपर्यंत पोचलेच नव्हते.

“आणि तो तिथं उभा होता तवाबी माझ्या कानात श्वास चालूच होता,” बाई म्हणाल्या, आणि बोंबील उलटायला उठल्या.

त्यांचा एक धाकटा भाऊ होता, प्रभाकर. बाईंपेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा, त्यामुळे बाईंनीच त्याला वाढवलं. तो मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. बाई जितक्या गप्प तितका हा बोलका. सगळं गाव ज्या मोठ्या ॲपवर होतं त्यावर तो दिवसभर काहीतरी टाकत असे. आज किती सुरमई, आज वारा कसा, इंजिनाने काय नखरे केले. बोट बंदरातून निघाली की फोन समोर धरून बोलत राहायचा, आणि किनारा पुसट झाला की म्हणायचा, “चला, रेंज चालली, आता आल्यावर.” बाईंनी त्या ॲपवर खातं उघडलं ते फक्त त्याच्यासाठी. चहाचा कप हातात घेऊन त्या त्याचं बोलणं शेवटपर्यंत बघत.

मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या फेरीत, बोट आठ माणसं घेऊन गेली आणि सात घेऊन आली. समुद्र शांत होता. जेवणं झाली होती. प्रभाकर पाण्याची बाटली घेऊन मागच्या बाजूला गेला, इंजिन चालू होतं, आणि थोड्या वेळाने बोटीच्या प्रमुखाने, तांडेलाने, हाक मारली तेव्हा तिथे बाटली होती, तो नव्हता. कुणी काही ऐकलं नाही. बाईंना याचंच सगळ्यात जास्त लागलं होतं. सात माणसं आणि एकानेही काही ऐकलं नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. दोन दिवस शोध झाला. देह मिळाला नाही. पोलिसांनी ‘बेपत्ता’ अशी नोंद केली.

फाल्गुनात त्याचा वाढदिवस आला. ॲपने सकाळीच सगळ्यांना आठवण करून दिली. संध्याकाळपर्यंत सव्वाशे माणसांनी त्याला शुभेच्छा दिल्या होत्या. केक, फुलं, ‘भाऊ, उदंड आयुष्य लाभो.’ काही बाहेरगावचे होते, त्यांना माहीत नसेल असं धरू. पण बोटीवरचे दोघं त्यात होते, आणि खुद्द तांडेलही होता, ज्याने जेट्टीवर बाईंचे पाय धरून रडत सगळं सांगितलं होतं.

बाई तांडेलाच्या घरी गेल्या. मी सोबत होतो. बाईंनी फोन पुढे केला आणि नुसत्या बघत राहिल्या. तो म्हातारा माणूस पांढराफटक पडला. त्याच्या ध्यानातही नव्हतं.

“ताई, फोननं सांगितलं,” तो म्हणाला. “म्या दाबलं.”

बाई त्याला रागावल्या नाहीत. परत येताना वाटेत एवढंच म्हणाल्या की माणूस वाईट नाही, त्याच्याकडून करून घेतलं जातंय.

त्यानंतर महिन्याभरात ती दुपार आली. मी शाळेतून लवकर आलो होतो. बाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, सूप मांडीवर, फोन बाजूला. त्यांनी मला खुणेने बोलावलं. स्क्रीनवर प्रभाकरचा फोटो होता, बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर बसलेला, आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका.

“हाय तो आता,” त्या म्हणाल्या.

हिरवा ठिपका म्हणजे त्या क्षणी कुणीतरी त्या खात्यात होतं. प्रभाकरचा फोन त्याच्याबरोबरच गेलेला. आम्ही दोघं ठिपक्याकडे बघत बसलो. बाईंनी काही लिहिलं नाही. पाचसहा मिनिटांनी ठिपका विझला. सुपातल्या तांदळात बाईंचा हात तसाच रुतलेला होता.

मी म्हटलं, नंबर लावून बघू. इतके महिने त्यांनी तो लावला नव्हता. कानाला लावला आणि सवयीने गप्प राहिल्या. पलीकडून एका बाईचा आवाज आला, हिंदीत. ती दूरच्या एका गावात नर्स होती. रिचार्ज न केलेले नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, तसा तो तिला मिळाला होता. सिम घेतल्यापासून तिला रोज कुठून कुठून फोन येत, माणसं मराठीत काहीतरी विचारत आणि ठेवून देत. दोन शब्द तिला पाठ झाले होते. त्यांचा अर्थ काय, असं तिने बाईंना विचारलं. शब्द होते ‘कुठं हायस’.

म्हणजे गावातली माणसं अजून त्याला फोन करत होती, एकमेकांना न सांगता.

बाईंनी तिला अर्थ सांगितला. मग ॲपबद्दल विचारलं. नर्स म्हणाली की मी ते ॲप वापरतच नाही. बाईंनी ते खरं मानलं. खोटं बोलणाऱ्याचा श्वास आधी थांबतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तो ठिपका कुणाचा होता ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढेही तो अधूनमधून पेटे, नेहमी दुपारी, जेवणं झाल्यावर.

मग खातं बंद करण्याची खटपट सुरू झाली. इंग्रजी पत्रं मी लिहीत होतो. ॲपकडून मराठीत उत्तर आलं, “आपल्या नुकसानीबद्दल आम्हाला खेद आहे.” मृत्यूचा दाखला जोडावा. दाखला मिळेना, कारण देह नव्हता. वकिलाने सांगितलं, सात वर्षं थांबा, मग कोर्टाकडून आदेश घेता येईल. तोवर कागदावर प्रभाकर जिवंत. आम्ही तसं कळवलं. पुन्हा तेच उत्तर, तोच खेद. बाईंनी ते वाचून विचारलं, “सर, हे लिहिणारं माणूस कुठं बसतं?” मी म्हटलं, बहुधा कुठेच नाही. त्यांनी मान हलवली. एक्स्चेंजमध्ये कितीही मोठा घोटाळा झाला तरी कुणीतरी खुर्चीवर असायचं, हे त्या अभिमानाने सांगत.

शेवटचं निमित्त झालं ते एका व्हिडिओचं. ॲपने आपणहून तयार करून बाईंना पाठवला. प्रभाकरचे फोटो, त्यावर नाचरं संगीत, चांदण्या उडतायत, आणि शेवटी त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर अक्षरं, ‘लवकरच पुन्हा भेटा’. बाईंनी तो दोनदा बघितला. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मग आत जाऊन तोंड धुऊन आल्या आणि ॲपवर लिहिलं, “मी उद्यापासून इथं नाही. माझ्याशी बोलायचं असेल तर घरी या.”

गावाने चेष्टा केली. ॲप सोडून कुणी जातं का, दोन दिवसांत परत येतील. तिसऱ्या दिवशी बाई खरंच कुठेतरी गेल्या, पण एसटीने चौलला, मालतीबाईंकडे. मालती नाईक ही त्यांची एक्स्चेंजमधली मैत्रीण, दोन खुर्च्या सोडून बसणारी. निवृत्तीनंतर वाडीतल्या सुपाऱ्या आणि पुस्तकं यांत रमलेली. तिने बाईंना अशा काही गोष्टींबद्दल सांगितलं, ज्या मी तोवर ऐकल्याही नव्हत्या. म्हणजे एकच कंपनी, एकच प्रचंड यंत्र असं नाही. ज्याला हवं त्याने आपल्या घरात आपलं छोटं यंत्र मांडायचं, आपली दहावीस माणसं त्यावर घ्यायची, नियम आपले, चावी आपल्याकडे. अशी हजारो यंत्रं जगभर आहेत आणि ती एकमेकांशी बोलतात. मधे मालक कुणी नाही.

मला हे समजायला आठवडा लागला. बाईंना समजावून सांगावं लागलंच नाही. “म्हणजे गावोगावची एक्स्चेंजं,” त्या म्हणाल्या. “मग हे मला येतं.”

येत नव्हतं, पण त्यांनी आणलं. कंटेनर यार्डातल्या एका ऑफिसने भंगारात काढलेला संगणक त्या घेऊन आल्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शाळेच्या दोनशेपानी वहीत यंत्राला द्यायच्या आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे उतरवून घेतल्या. चुकलं की पुसायच्या नाहीत, बाजूला लाल पेनाने ‘हे ऐकत न्हाय’ असं लिहायच्या. दीड महिना लागला. यंत्र त्यांनी ठेवलं प्रभाकरच्या खोलीत, त्याच्या पलंगाच्या जागी. दुसरीकडे वायर पोचत नाही असं कारण सांगितलं. वायर पुरेशी लांब होती, मीच आणून दिलेली.

मालतीबाईंनीही चौलला आपलं यंत्र मांडलं. पहिला निरोप मी स्वतः पाहिला. बाईंनी लिहिलं, “ऐकू येतं का?” चौलहून उत्तर आलं, “येतं. तू हळू बोलतेस.” दोघी म्हाताऱ्या त्यानंतर तासभर हसत होत्या, एक इथे, एक तिथे.

बाई धरून गावातली एकोणीस माणसं त्यांच्या यंत्रावर आली. पहिला आला तो तांडेल. मासळी सुकवणाऱ्या पाचसहा बायका, मिठागरावरचे दोघं, मी. नवा माणूस घेताना बाई त्याला ओसरीवर बसवून चहा द्यायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, तू गेल्यावर तुझं खातं कुणी बंद करायचं? लोक चपापायचे. पण नाव सांगितल्याशिवाय खातं मिळत नसे. इथे यंत्र कुणाचा वाढदिवस सांगणार नाही, कुणाचे जुने फोटो आपणहून वर काढणार नाही. गेलेल्याचं नाव एका वेगळ्या पानावर जाईल आणि तिथून हलणार नाही. रोज सकाळी बाई भरती-ओहोटीची वेळ आणि वारा लिहायच्या. कुठल्या कुठल्या देशांतली किनाऱ्यावरची माणसं ते वाचू लागली. एक दीपगृहाशेजारी राहणारा गृहस्थ रोज उत्तरादाखल आपल्याकडचा वारा कळवायचा. बाईंना तो आवडे, कारण तो दोन ओळींच्या पुढे जात नसे.

पुढे बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, पनवेलला. दोन दिवस यंत्राकडे मी बघायचं होतं. त्यांनी वही माझ्या हातात दिली, आपला फोनही चार्जिंगला लावून घरीच ठेवला, डोळ्यांवर पट्टी असताना त्याचा उपयोग काय म्हणून. मी यादी उघडली. माणसं एकोणीस, यंत्र वीस दाखवत होतं. पुन्हा मोजली. विसावं नाव प्रभाकर घरत होतं. फोटो नाही, एक अक्षर लिहिलेलं नाही, कुणाशी जोडलेलं नाही. रिकामं खातं. आणि शेजारी नोंद होती की ते खातं रोज सकाळी अकरा वाजता उघडलं जातं.

बाईंच्या घरात मला पहिल्यांदा भीती वाटली. मग लाज वाटली. बाईच उघडत असणार, दुसरं कोण. मी तो विषय काढायचा नाही असं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्राची धूळ पुसायला त्या खोलीत गेलो आणि न राहवून पुन्हा नोंद बघितली. त्या दिवशी अकरा वाजले तेव्हा बाई पनवेलला पट्टी बांधून आडव्या होत्या, फोन वरच्या फळीवर होता, घराची किल्ली माझ्या खिशात होती. खातं अकरा वाजता उघडलेलं होतं.

बाई परत आल्या. काळा चष्मा लावून ओसरीवर बसल्या. मी चहा करून दिला आणि सांगून टाकलं.

त्यांनी एक घोट घेतला. मग म्हणाल्या, “ते लोक त्याला बोलायला लावत होते, सर. हसायला, नाचायला. मी त्याला काही करायला लावत न्हाय. नुसती लाइन उघडी ठेवलीय. सात वर्षं सरकार म्हणतंय तो हाय, तर असू दे त्याला जागा.”

“रोज तुम्हीच उघडता ना?”

“उघडते की. दार गंजू नये म्हणून.”

“पण काल तुम्ही नव्हतात.”

काळ्या चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते. कप त्यांनी हळूच बशीत ठेवला.

“तुम्ही त्याला काही लिहिलं न्हाय ना?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

“बरं केलंत.”

यंत्राला एखादी गोष्ट ठरल्या वेळी आपोआप करायला शिकवता येतं, हे मला नंतर कळलं. बाईंनी तसं केलं असणार. मी त्यांची वही पुढे कितीदा चाळली, पण ती आज्ञा मला त्यात सापडली नाही. विचारण्याचा धीरही झाला नाही.

सात वर्षं पुरी झाली, कोर्टाची तारीख पडत पडत आणखी सहा महिने गेले आणि दाखला हातात आला. ॲपने या वेळी दोन दिवसांत खातं काढून टाकलं, पुन्हा तोच खेद कळवून. देह नसला की दर्भाचा पुतळा करतात, तसा करून बाईंनी खाडीकाठी सगळे विधी केले. सगळं गाव आलं होतं. तांडेल काठी टेकत आला. बाई त्या दिवशी मोकळ्या दिसल्या, जेवल्या, बायकांशी बोलल्या. संध्याकाळी आपल्या यंत्रावर त्यांनी चार ओळींत भावाच्या निधनाची बातमी लिहिली. दीपगृहवाल्या गृहस्थाने त्या दिवशी वारा कळवला नाही, नुसतं ‘वाचलं’ एवढं लिहिलं.

रीतीप्रमाणे नाव गेलेल्यांच्या पानावर गेलं. आता इथलं खातंही बंद करायचं ना, असं मी विचारलं. नियम त्यांचाच होता. बाई दिवा लावायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी यादी बघितली तर वीस ती वीसच होती.

पुढच्या वर्षी गुडघे फारच दुखू लागले. मालतीबाईंचा आग्रह होताच. बाईंनी घर लांबच्या नात्यातल्या एका भाचीच्या स्वाधीन केलं आणि चौलला जायचं ठरवलं. तिथेच त्या गेल्या, दीड वर्षापूर्वी, दुपारच्या झोपेत. पण मला आठवतं ते त्यांचं निघणं.

आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कळवलं की उद्या बारा ते साडेचार यंत्र बंद राहील, काळजी करू नये. सकाळी अकरा वाजून गेल्यावर त्यांनी ते बंद केलं. त्याआधी करू दिलं नाही. वर्षानुवर्षं त्या खोलीत चालू असलेली पंख्याची घरघर थांबली आणि खोली एकदम मोठी वाटली. बाई दारात उभ्या राहून थोडा वेळ ऐकत होत्या. मग त्यांनी यंत्र गोधडीत गुंडाळलं, बांधलं आणि मी ते स्टँडवर नेलं.

बसमध्ये गर्दी नव्हती. कंडक्टरने ते मागे ठेवायला सांगितलं. बाईंनी ऐकलं नाही. खिडकीशी स्वतः न बसता गोधडीचं गाठोडं बसवलं, आणि आपण शेजारी बसून त्यावर हात ठेवला. मी खाली उभा होतो. सांभाळून जा, पोचलात की कळवा, असं काहीतरी म्हणालो. त्यांनी मान हलवली. बस वळली तेव्हा खिडकीतून त्या दिसल्या. मान गाठोड्याकडे कललेली होती आणि ओठ हलत होते. इतकी वर्षं सोबत राहून मी त्यांना कुणाशी आपणहून इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

साडेचारला माझा फोन वाजला. चौलहून यंत्र सुरू झालं होतं. बाईंच्या नावावर एकच शब्द होता.

“पोचलो.”